बिड लावू का? जुन्या गेम कन्सोलबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलाची दहावी झाली, त्याला सोनीचा पीएस-फोर (प्लेस्टेशन ४) हवाय, पीएस-फाइव्ह आमच्या बजेटमध्ये बसत नाही. ईबेवर, म्हणजे त्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर, अमेरिकेतल्या एका सेलरचा जुना पीएस-फोर लिलावात दिसतोय, आत्ता बोली ४५ डॉलरवर आहे, दोन दिवस शिल्लक आहेत. मुलगा मागे लागलाय की आई आत्ताच लाव नाहीतर हातचा जाईल. लावू का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : ताई, आत्ताच तर अजिबात नको. मुलाला सांगा की ४५ डॉलर ही किंमतच नाहीये, ती नुसती सुरुवात आहे, खरी मारामारी शेवटच्या पाच-दहा मिनिटांत होते आणि अनुभवी लोक तर मुद्दाम शेवटच्या काही सेकंदांत बिड टाकतात. दोन दिवस आधी बोली लावून तुम्ही फक्त भाव चढवून ठेवणार, बाकी काही नाही.

तुम्ही नाशिकच्या म्हणजे लासलगावचा नाहीतर पिंपळगावचा लिलाव कधीतरी बघितलाच असेल. तिथं व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेतो, दाबून बघतो आणि मगच बोलतो. इथं कांदा नाहीच, कांद्याचा फोटो आहे, तोही विकणाऱ्यानंच काढलेला. त्यामुळे आपला आकडा आधी घरी बसून ठरवायचा, स्क्रीनसमोर नाही.

आणि आकडा ठरवताना एकट्या बोलीचा विचार करू नका. समजा १०० डॉलरला सुटला, वर कुरिअर ६०-७० डॉलर धरा, मग कस्टम ड्युटी, आणि ती वस्तूची किंमत अधिक शिपिंग अशा बेरजेवर लागते. "सेलरला सांगा गिफ्ट लिहायला" असा सल्ला कुणीतरी देईलच, पण गिफ्टला ड्युटी माफ असायची ती सवलत डिसेंबर २०१९ पासून बंद आहे (राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून), शिवाय खोटं डिक्लेरेशन ते खोटंच. एवढं सगळं करून हातात येणार वापरलेला पीएस-फोर, आणि तो तर इथं कॉलेज रोडच्या एखाद्या पोराकडे पण मिळतो, समोर टीव्हीला लावून बघता येतो. माझं स्पष्ट मत, पीएस-फोरसाठी परदेशी लिलावात पडूच नका. ईबेचं इंडियाचं दुकान २०१८ ला बंद झालं, तेव्हापासून आपल्यासाठी तिथला लिलाव म्हणजे बहुतेक वेळा परदेशी मालच. जी गोष्ट भारतात सापडतच नाही, म्हणजे जुनं जपानी कन्सोल वगैरे, तिच्यासाठी तो खटाटोप ठीक आहे.

तरीपण मन होतच असेल तर पद्धत सांगतो. तिथं तुम्ही तुमचा सगळ्यात वरचा आकडा एकदाच टाकायचा असतो, सिस्टीम तुमच्या वतीनं लागेल तेवढंच वाढवत जाते. म्हणजे तुम्ही १०० टाकले आणि दुसऱ्याचा वरचा आकडा ७० असेल तर तुम्हाला ते ७० च्या जरासं वर मिळतं, १०० ला नाही. त्यामुळे थोडं थोडं वाढवत बसायची गरज नाही, त्यानं फक्त डोकं तापतं आणि माणूस ठरवलेल्या आकड्याच्या पुढे जातो. आकडा टाका, गेला तर गेला, पीएस-फोर जगात कोट्यवधी विकले गेलेत, दुसरा येईल.

लिस्टिंग पूर्ण वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. "अनटेस्टेड" लिहिलं असेल तर मी सरळ बंद पडलेला आहे असंच धरतो, कारण एचडीएमआय केबल लावून बटन दाबायला दोन मिनिटं लागतात, ज्याच्याकडे कन्सोल आहे त्याला ते जमलं नाही हे मला पटत नाही. "फॉर पार्ट्स", म्हणजे फक्त सुटे भाग काढायला, असं लिहिलेलं घेतलंत आणि चालू झालं नाही तर तक्रार पण करता येत नाही, सेलरनं आधीच सांगितलेलं असतं. आणि "बॉक्स ओन्ली" म्हणजे खरंच रिकामा खोका, हसू नका, कन्सोलचा फोटो बघून खोक्यावर बोली लावणारे लोक आहेत. वर्णनापेक्षा वेगळी वस्तू आली तर ईबेवर पैसे परत मागता येतात, पण डिलिव्हरीपासून ३० दिवसांच्या आत, त्यामुळे पार्सल आलं की त्याच दिवशी सगळं तपासा, परीक्षा संपल्यावर उघडू म्हणून कपाटात ठेवू नका.

व्होल्टेजची काळजी पीएस-फोरला नाही, आतला पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट घेतो, फक्त वायर बदला, साध्या मॉडेलला जुन्या टेपरेकॉर्डरची आठाच्या आकाराची वायर बसते. गेमच्या डिस्क कुठल्याही देशातल्या चालतात. सिनेमाची ब्लू-रे डिस्क मात्र अडेल, तिला देशांच्या गटाचा कोड असतो, अमेरिकेचा रिजन ए आणि आपला सी.

इथं नाशिकमध्ये हातात घेऊन बघणार असाल तर : डिस्क घालून गेम लोड होईपर्यंत थांबा, नुसती होम स्क्रीन बघून पैसे देऊ नका. डिस्क ड्राइव्हचं सर्किट त्याच मशीनच्या मदरबोर्डशी (मुख्य बोर्डाशी) जुळवलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह अख्खा काढून बसवला तर डिस्क वाचत नाही, रिपेअरवाल्याला ड्राइव्हचा जुना सर्किट बोर्डच वापरावा लागतो. हार्ड डिस्कचं तसं नाही, साधी अडीच इंची लॅपटॉपवाली असते, ती तुमचा मुलगा पण बदलेल. वीस-पंचवीस मिनिटं गेम चालवा आणि पंखा ऐका. कंट्रोलरच्या काठीला हात न लावता पात्र आपोआप चालायला लागलं तर कंट्रोलर गेला, तेवढे पैसे कमी करून मागा. आणि जुन्या मालकाचं अकाउंट काढून, मशीन इनिशियलाइज (सगळं पुसून नव्यासारखं) करून घ्या, ते तुमच्या समोर झालं पाहिजे.

"५० गेम भरलेला" अशी जाहिरात दिसली तर तो जेलब्रेक केलेला, म्हणजे सोनीचं लॉक तोडलेला. ऑनलाइन खेळायला गेलं की सोनीकडून बॅन होऊ शकतो आणि अपडेट केलं तर ते ५० गेम पण गेले. दहावी झालेल्या पोराला मित्रांबरोबर ऑनलाइनच खेळायचं असतं, त्यामुळे हे नकोच.

प्रश्न : एका साइटवर निंटेंडोचा स्विच (गेम कन्सोल) फार स्वस्तात दिसला. विकणारा म्हणतो मी आर्मीत आहे, देवळालीला पोस्टिंग होतं, आता बदली झाली म्हणून घाईत विकतोय. आयडी कार्डचा फोटो पण पाठवला. कुरिअरचे पैसे आधी मागतोय, ते नंतर रिफंड करणार म्हणे आणि त्यासाठी क्यूआर कोड पाठवतो म्हणाला. खरं असेल का?
– एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : नाही. मित्रा, ही स्टोरी देशभर चालते, फक्त गावाचं नाव बदलतात, नाशिककर दिसला की देवळाली. कार्डचा फोटो कुणा दुसऱ्याच जवानाचा असतो. लक्षात ठेव, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन पण टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुझ्याच खात्यातून गेले. पैसे आधीच पाठवून बसला असशील तर लाजत बसू नको, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. घरच्यांना पण सांग.

प्रश्न : अमेरिकेतल्या मामांनी तिकडच्या लिलावात एक्सबॉक्स ३६० जिंकला आणि येताना घेऊन आले. अजून प्लगला लावला नाहीये. लावू का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : लावला नाहीत हे फार बरं केलंत. त्याचा विटेसारखा ॲडॉप्टर उलटा करून इनपुट वाचा, अमेरिकेतला बहुतेक १००-१२७ व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावला तर जाईल. २२०-२४० वाला ॲडॉप्टर शोधा, पण घेताना कन्सोल सोबत न्या, कारण जुनं जाडं मॉडेल, २०१० चं स्लिम आणि २०१३ चं ई, यांच्या पिना वेगवेगळ्या आहेत. दुसरा मार्ग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, निदान ३०० वॅटचा घ्या, ट्रिमरसाठी मिळतो तो छोटा चालणार नाही. आणि गेम इथून घेताना जरा थांबा, ३६० चे बरेच गेम रिजन लॉक (ठरावीक देशांच्याच मशीनवर चालणारे) असतात, इथली डिस्क अमेरिकन मशीनवर नकार देऊ शकते. मशीनवरूनच ऑनलाइन विकत घ्यायचा रस्ता पण आता नाही, मायक्रोसॉफ्टनं ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद केलं. मामा परत जायचेत का अजून? मग डिस्क त्यांनाच तिकडून पाठवायला सांगा.