वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या ढंगाचे कोणते पॉप अल्बम ऐकावेत?

तुम्ही लिहिलंय की राहायला खानापुरात आहात, घरात अभंग, नाट्यगीतं आणि भावगीतं सोडून दुसरं काही लागत नाही, आणि पॉप ऐकायची इच्छा असूनही इंग्रजी गाण्यांचे शब्द भराभर कळत नाहीत म्हणून राहून जातंय. पहिली गोष्ट, शब्दांची काळजी सोडा. आपल्या भागातल्या माणसांनी फक्त आपल्याच भाषेतलं गाणं कधी ऐकलंय? बेळगावच्या घराघरांत एकाच रेडिओवर सांगलीचं मराठी, धारवाडचं कन्नड आणि पणजीचं कोकणी लागायचं. शब्द अर्धे कळायचे, चाल मात्र पुरी पाठ व्हायची. या सवयीचा पॉप ऐकताना फार उपयोग होतो.

दुसरी गोष्ट, 'बेस्ट ऑफ' नावाचे संग्रह आणि कुणीतरी जुळवलेल्या याद्या सध्या बाजूला ठेवा. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, दिलेल्या क्रमानं ऐका. चांगल्या अल्बमात कुठलं गाणं कशानंतर यावं याचा विचार केलेला असतो, आणि तो कळायला लागला की मजा दुप्पट होते.

सुरुवात मी तुम्हाला 'कलोनियल कझिन्स' या जोडीच्या त्याच नावाच्या अल्बमापासून करायला सांगेन. १९९६ सालचा. हरिहरन आणि लेस्ली लुईस. त्यातलं 'कृष्णा' हे गाणं आधी ऐका. 'कृष्णा नी बेगने बारो' हे व्यासरायांचं पद आपल्याकडे कुणाला नवीन नाही, भरतनाट्यमच्या क्लासला जाणारी गल्लीतली प्रत्येक मुलगी त्यावर नाचलेली असते. सोळाव्या शतकातल्या हरिदासाचं ते कन्नड पद हरिहरन आपल्या पुऱ्या गायकीनिशी म्हणतात, एकही स्वर सोपा करून घेत नाहीत. लेस्ली लुईस गिटारवर साधं, सरळ इंग्रजी गातात: येशू होऊन ये, राम होऊन ये, पण परत ये. दोघंही एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. हरिहरन इंग्रजी ढंगाला शरण जात नाहीत आणि लुईस उगाच मुरक्या मारत नाहीत, म्हणून ते गाणं आजही ताजं आहे. याच अल्बमात 'सा नि ध प' म्हणून एक गाणं आहे, तेही सोडू नका. सरगम कानावर असलेल्या माणसाला त्यात लगेच घरच्यासारखं वाटेल.

हे कानात बसलं की बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' लावा. १९६६, १४ गाणी, सगळी मिळून साधारण ३५ मिनिटं. बेळगावहून खानापूरची बस धरलीत तर घरी पोचायच्या आत पुरा होईल. बीटल्सचे बाकीचे अल्बमही मोठे आहेत, पण तुमच्यासाठी हाच, कारण यात आपल्या कानांना ओळखीच्या खुणा आहेत. 'लव्ह यू टू' हे जॉर्ज हॅरिसनचं गाणं सतारीच्या सुट्या सुरांनी सुरू होतं. आलापासारखं थोडं रेंगाळतं आणि मग तबला येतो. तो तबला अनिल भागवत यांनी वाजवलाय आणि त्यांचं नाव अल्बमच्या कव्हरवर छापलेलं आहे. बाहेरच्या वादकाचं नाव असं छापणं तेव्हाच्या इंग्रजी पॉपमध्ये सहसा होत नसे. मला त्या एका ओळीचं फार अप्रूप आहे.

'एलिनॉर रिग्बी'त ना गिटार, ना ड्रम. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो एवढीच साथ, आणि त्यातलं एकही वाद्य बीटल्सपैकी कुणी वाजवलेलं नाही. एकाकी माणसांचं गाणं आहे. शब्द न कळताही त्या तंतुवाद्यांच्या तुटक फटकाऱ्यांतून ते कळतं. शेवटचं 'टुमॉरो नेव्हर नोज' पहिल्यांदा विचित्र वाटेल: उलट्या फिरवलेल्या टेप, मधेच पक्ष्यांसारखे आवाज. पण खाली तंबोरा चालू आहे तिकडे लक्ष द्या. गाणं जवळजवळ संपूर्ण एकाच आधारावर उभं आहे, षड्ज हलत नाही. पाश्चात्त्य श्रोत्याला तेव्हा जे अवघड गेलं असेल ते भजनाला बसलेल्या माणसाला सोपं जाईल असं मला मनापासून वाटतं.

भावगीतांची आवड असेल तर कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री' (१९७१) तुमचाच आहे. पियानो, एक आवाज, आणि खोलीत समोर बसून सांगितल्यासारखं गाणं. या बाई आधी कितीतरी वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत होत्या. त्यातली काही त्या इथं स्वतः गातात, आणि गाजलेल्या गायिकांनी म्हटलेल्या त्याच चाली किती निवांत, किती खऱ्या वाटतात ते ऐका.

मग मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर', १९८२. नाव इतकं कानावरून गेलंय की लोक तो अल्बम न ऐकताच ऐकल्यासारखं बोलतात. 'बिली जीन' लावा आणि पहिला अर्धा मिनिट नीट ऐका. आधी फक्त ड्रम, कोरडा आणि सरळ. मग बेस गिटार येते, एकच फिरता तुकडा घेऊन, आणि शेवटपर्यंत तो सोडत नाही. त्यावर कीबोर्डचे चार तोकडे स्वर. एवढं सगळं मांडून झालं तरी गायक अजून आलेला नाही. निर्माता क्विन्सी जोन्स यांना ही सुरुवात लांब वाटत होती, जॅक्सननं ती कापू दिली नाही. बरं झालं. आवाज येतो तेव्हा तो दबका असतो, मधे मधे श्वास आणि उचकीसारखे हुंकार, आणि ते हुंकारसुद्धा ठेक्यात पडतात. पखवाजावरचा हात ओळखणाऱ्या माणसाला यातली शिस्त लगेच कळेल. 'बीट इट'मध्ये मधली गिटार एडी व्हॅन हेलनची, तीही लक्ष देऊन ऐका. 'द गर्ल इज माइन' मला फिकं वाटतं. आणि निव्वळ नाचाच्या लयीसाठी म्हणाल तर मी याच्या आधीचा 'ऑफ द वॉल' (१९७९) वर ठेवेन.

ॲबाचा 'अरायव्हल' (१९७६) दोन बायकांच्या आवाजांसाठी ऐका. दोघींचे स्वर एकत्र आले की तिसराच आवाज तयार होतो.

आपल्या राज्यातल्या एका माणसाचं नाव इथं घ्यायलाच हवं. बिड्डू मूळचे बेंगळूरचे. इंग्लंडला जाऊन त्यांनी १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग' हे गाणं तयार केलं आणि ते जगभर वाजलं. पुढं 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' त्यांनी नाझिया हसनकडून गाऊन घेतलं, आणि १९८१ मध्ये तिचा नि तिच्या भावाचा 'डिस्को दीवाने' आला. ती तेव्हा शाळकरी वयाची होती. आवाज पातळ, थोडा नाकातला, आणि त्याच आवाजामुळे ती गाणी वेगळी ठरली. कुणी कसलेल्या गायिकेनं म्हटली असती तर ती इतकी हलकी राहिली नसती. १९९५ चं अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'ही बिड्डूंचंच.

चोर्ला घाट उतरून खाली गेलं की रेमो फर्नांडिस. 'गोवन क्रेझी' हा अल्बम त्यांनी १९८४ मध्ये शिवोलीच्या घरात बसून, वाद्यं स्वतःच वाजवत ध्वनिमुद्रित केला. गोव्यावर जीव असलेल्या आणि गोव्यावर रागावलेल्या माणसाची गाणी आहेत. आपण गोव्याला जाऊन समुद्र बघून येतो, हा अल्बम घरांच्या आतलं गोवं ऐकवतो.

मराठीत विचाराल तर मी 'गारवा' सांगेन, मिलिंद इंगळे आणि सौमित्र. आधी कविता वाचायची, मग तिच्यातून गाणं उगवू द्यायचं, ही रचना तेव्हाच्या मराठी कॅसेटींत नवी होती. जूनमध्ये ऐका. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात तो अल्बम ऐकायला जी जागा मिळते ती पुण्या-मुंबईच्या लोकांना मिळत नाही.

कन्नडसाठी रघु दीक्षित यांचा पहिला अल्बम, २००८. त्यात संत शिशुनाळ शरीफांचं 'गुडुगुडिया सेदी नोडो' आहे. हुक्क्याचं निमित्त करून देहाबद्दल बोलणारं पद, इथं गिटार आणि व्हायोलिनवर उसळतं. भारुडात नाथांनी जे केलं तेच शरीफांनी केलं, त्यामुळे तुम्हाला ते परकं वाटायचं कारण नाही.

अलीकडचं एकच सांगतो. बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम, नाव लांबलचक आहे: 'व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो?'. तिनं आणि तिच्या भावानं तो घरातल्या झोपायच्या खोलीत केला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीचा सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला. मुलगी जवळजवळ कुजबुजते. मधे मधे सगळं थांबतं आणि त्या शांततेचाही ठेका लागतो. हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, कारण त्यातला खर्ज त्यातून ऐकूच येत नाही. साधा वायरचा हेडफोन चालेल. 'शफल'चं बटण मात्र आधी बंद करा. आणि यातला कुठला आवडला, कुठला अर्ध्यात सोडलात ते खाली लिहा, त्यावरून पुढचे सुचवता येतील. जॅझकडे झुकणारे आणि जुन्या सोल ढंगाचे बरेच अल्बम मी मुद्दाम मागे ठेवलेत.