जुनं भोक मोठं करताना होल सॉ नाचतो

प्रश्न : विजेच्या पॅनेलची पत्र्याची पेटी आहे, पत्रा साधारण 1.2 मिमी. तिला 20 मिमीचं भोक आहे, ते जाड केबलसाठी 32 मिमीचं करायचंय. होल सॉच्या (गोल भोक कापणाऱ्या, वाटीसारख्या करवतीच्या) मधल्या ड्रिलला टेकायला पत्राच उरलेला नाही, त्यामुळे सॉ नाचतो आणि रंग खरवडतो. रद्दी पत्र्यावर साधं जाड ड्रिल चालवून पाहिलं, तर भोक तिकोनी पडलं.

उत्तर : तिकोनी भोक पडलं यात तुमच्या हाताचा दोष नाही. पातळ पत्र्यातून ड्रिलचं टोक आरपार जातं, तेव्हा त्याच्या बाहेरच्या कडा पत्र्यात पुरत्या शिरलेल्याही नसतात. धरायला काहीच नसलं की ते भटकणारच.

नवं भोक जुन्याच मध्यावर हवं असेल, तर 32 मिमीपर्यंतचं स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं शंकूसारखं ड्रिल) घ्या आणि मोकळे व्हा. मध्य थोडा सरकवायचा असेल, तर मात्र प्लायचा गाइड करा. 12 मिमी प्लायच्या तुकड्यावर काटकोनात दोन रेघा ओढा, थेट कडेपर्यंत. जिथे छेदतात तिथे मधलं ड्रिल टेकवून त्याच होल सॉनं भोक पाडा. मध्य उडून जाईल, पण रेघांची चार शेपटं राहतील, कामाची तीच. पत्र्यावरही नव्या मध्यातून अशाच रेघा मारा, प्लायच्या बाहेर डोकावतील एवढ्या लांब. शेपटं रेघांशी जुळवून प्लाय दोन क्लॅम्पनी आवळा. एकच लावलात तर प्लाय त्याच्याभोवती फिरतो. आता मधलं ड्रिल काढून टाका, सॉला प्लायची भिंतच सरळ धरते.

त्याआधी मेन स्विच बंद, हे सांगायला नको, तरी सांगतो. पत्र्यामागे लाकडाचा ठोकळा दाबून बसवा आणि तारांवर कापड पसरा, लोखंडाचा कीस आत राहिला तर शॉर्ट होतो. मशीन अगदी हळू चालवा, दात्यांना तेलाचे दोन-चार थेंब द्या. शेवटी चकती सुटताना सॉ अडकून मनगटाला हिसका देतो, म्हणून बाजूची मूठ लावलेली बरी. चष्मा हवाच, हातमोजे नकोत. फिरत्या मशीनमध्ये ते गुंडाळले जातात.

एका दांड्यावर एकच पातं असलेला फ्लाय कटर कुणी सुचवला, तर तो हातातल्या मशीनला चुकूनही लावू नका. तो स्टँडवरच्या मशीनसाठी असतो.

कडेची बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, अर्धगोल कानशीनं दोन्ही बाजूंनी काढा, उघड्या पत्र्याला रंगाचा हात द्या आणि मग केबल ग्लँड (केबल भोकात घट्ट धरणारं फिटिंग) बसवा.