एररवर बेस मिळाला, तरी सरासरी का घसरते?

प्रश्न असा आहे की, बेसबॉलमध्ये शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातून चेंडू निसटला, म्हणजे ‘एरर’ झाला, आणि त्यामुळे बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला, तर त्याच्या आकडेवारीत नेमके काय नोंदले जाते. उत्तर एवढेच की, तो बाद झाला असता तर जे नोंदले गेले असते, जवळपास तेच. त्याच्या नावावर एक ॲट-बॅट (सरासरीसाठी मोजली जाणारी पाळी) चढतो, हिट (एररशिवाय स्वतःच्या फटक्यावर बेस गाठल्याची नोंद) मिळत नाही, आणि बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट असल्यामुळे सरासरी खाली येते. क्रिकेटमध्ये झेल सुटल्यानंतर काढलेल्या धावा फलंदाजाच्याच खात्यात राहतात. त्या सवयीने पाहणाऱ्याला हा हिशेब उफराटा वाटणे स्वाभाविक आहे.

सरासरीपुरता हा नियम मला पटतो, कारण बॅटरने मारलेला फटका सामान्य प्रयत्नाने बाद करता येण्याजोगा होता आणि त्याचे श्रेय त्याला का द्यावे, हा मुद्दा रास्त आहे. पण ऑन-बेस पर्सेंटेजला, म्हणजे बॅटर किती वेळा बेसवर पोहोचला हे सांगणाऱ्या आकड्याला, हाच नियम लावण्याचे समर्थन मला करता येत नाही. ५०० ॲट-बॅट, १४० हिट, ५० वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळालेला बेस), ५ वेळा अंगावर चेंडू आणि ५ सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन सहकाऱ्याला धाव मिळवून देणारा उंच फटका) असा एक काल्पनिक हंगाम धरला, तर सरासरी .२८० आणि ऑन-बेस पर्सेंटेज .३४८ येते. याच बॅटरला एररमुळे ७ वेळा बेस मिळाला असेल आणि ती बेसप्राप्ती मोजली, तर हा दुसरा आकडा .३६१ होईल. तो बेसवर उभा होता, पुढे कदाचित धावही करून आला, तरी ‘किती वेळा बेसवर पोहोचला’ हे सांगणाऱ्या आकड्यात ते सातही प्रसंग बाद झाल्यासारखेच धरले जातात.

हिट की एरर, हे ठरवतो ऑफिशियल स्कोअरर, म्हणजे सामन्याची अधिकृत नोंद ठेवणारा, आणि त्याची कसोटी ‘सामान्य प्रयत्न’ ही असल्यामुळे मतभेदाला जागा राहतेच. ९ मे २०१४ रोजी टेक्सास रेंजर्सचा पिचर यू दार्विश बोस्टनविरुद्ध परफेक्ट गेमच्या (प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणालाही बेसवर पोहोचू न देण्याच्या) वाटेवर असताना सातव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझचा उंच उडालेला चेंडू राइट फील्डर ॲलेक्स रिओस आणि सेकंड बेसमन रुग्नेड ओडोर यांच्या मधोमध पडला. दोघांपैकी कोणाचाही हात त्याला लागला नाही. स्कोअररने रिओसवर एरर लावला. नियमानुसार चेंडूला स्पर्श न होताही एरर देता येतो, पण अशा चेंडूला हिट देण्याचाच प्रघात असल्यामुळे या निर्णयावर बरीच चर्चा झाली. काही दिवसांनी मेजर लीग बेसबॉलने तो बदलून हिट दिली, म्हणजे ऑर्टिझने मैदानावर काहीही न करता त्याची सरासरी थोडी वर सरकली.

बाकीच्या नोंदींचे तर्कशास्त्र जरा वेगळे आहे. सिंगल (एका बेसचा हिट) मारल्यावर चुकीच्या थ्रोमुळे बॅटर दुसऱ्या बेसवर गेला, तर त्याच्या खात्यात सिंगलच राहतो आणि स्लगिंगमध्ये (हिटवर मिळवलेल्या बेसच्या सरासरीत) त्या जादा बेसची भर पडत नाही. दोन आउट असताना एररमुळे धाव झाली, तर बॅटरला आरबीआय (फटक्यामुळे धाव आल्याचे श्रेय) मिळत नाही. दोनपेक्षा कमी आउट असतील आणि तिसऱ्या बेसवरचा रनर एरर न होताही आला असता, असे स्कोअररला वाटले, तर मिळतो. आउटफील्डरने झेल सोडला, पण झेल घेतला असता तरी रनरने धाव पूर्ण केली असती, असे त्याचे मत असेल, तर सॅक्रिफाइस फ्लाय दिला जातो आणि ॲट-बॅट मोजलाच जात नाही. झेल सुटूनही सरासरीला धक्का न लागण्याचा हा प्रसंग नवख्या वाचकाच्या नजरेतून हमखास सुटतो. बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरने बॅटला अडथळा आणला, तर कॅचरवर एरर लागतो, तेव्हाही बॅटरचा ॲट-बॅट धरत नाहीत.

हा सगळा नशिबाचा खेळ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. जमिनीवरून जाणारे फटके जास्त मारणाऱ्या आणि वेगाने धावणाऱ्या बॅटरविरुद्ध इनफील्डरला घाई करावी लागते. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे असे फटके शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसमनकडे अधिक जातात, जिथून पहिल्या बेसपर्यंतचा थ्रो लांबचा असतो. अशा बॅटरना एररचा लाभ थोडा अधिक मिळतो, पण प्रचलित सरासरीत तो कुठेच दिसत नाही. म्हणून दोन बॅटरची तुलना करताना ‘रीच्ड ऑन एरर’ हा आकडाही वेगळा पाहावा. एका हंगामात तो लहान असतो, मात्र अनेक हंगामांच्या बेरजेत फरक दिसू लागतो.