धरण आधीच बांधलेलं असताना त्यात जास्त पाणी साठवायला कोट्यवधी डॉलर का लागतात?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं, डेन्व्हर शहराजवळचं चॅटफिल्ड धरण केंद्र सरकारने 1975 सालीच पूर्ण केलं, भिंत एक इंचही वाढवलेली नाही, मग बारा फूट जादा पाणी साठवायला सुमारे 17 कोटी डॉलर कसे लागले, आणि ते कॅसल रॉकसारख्या गावांनी का भरायचे? मी डेन्व्हरच्या दक्षिणेकडच्या पाणीपुरवठ्याच्या नियोजनात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चॅटफिल्ड हे मुळात पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं धरणच नाही. जून 1965 मध्ये साउथ प्लॅट नदीला आलेल्या पुराने डेन्व्हरची दाणादाण उडवली, त्यानंतर लष्कराच्या इंजिनियर कोअरने ते उभारलं. खालच्या थरात थोडं पाणी कायम असतं आणि वरची सुमारे दोन लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उंच पाणी) जागा पुरासाठी मुद्दाम रिकामी ठेवतात. या रिकाम्या जागेपैकी 20,600 एकर-फूट, म्हणजे आपल्या भाषेत जेमतेम 0.9 टीएमसी, कॅसल रॉकसारख्या गावांनी आणि पाणीसंस्थांनी भागीदारीत पाणीसाठ्यासाठी मागून घेतली. खडकवासल्याच्या उपयुक्त साठ्याच्या निम्मीही नाही. आपल्याकडे शेतीचं पाणी शहराकडे वळवण्यावरून भांडणं होतात, तसं इथे कोणाच्या वाट्याचं पाणी काढलेलं नाही. उलट भागीदारांमध्ये खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांची संस्थाही आहे, कारण काठच्या विहिरी नदीचंच पाणी ओढतात, त्या चालवायच्या तर नदीत तेवढं पाणी परत सोडावं लागतं.

ही जागा मिळवायला कायद्याची वाट लांब आहे. 1958 च्या जलपुरवठा कायद्याने केंद्राच्या धरणात गावांसाठी पाणी साठवायला परवानगी दिली, पण दोन अटींवर: खर्च वापरणाऱ्यांनी सोसायचा, आणि धरणाच्या मूळ उद्देशाला गंभीर धक्का बसत असेल तर काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, मंजुरी घ्यायची. चॅटफिल्डला ती वाट काँग्रेसने 1986 मध्ये मोकळी करून दिली. अंतिम निर्णयावर सही झाली मे 2014 मध्ये. लगेच पक्षीप्रेमींच्या ऑडुबॉन संस्थेच्या स्थानिक शाखेने कोर्टात धाव घेतली. निकाल कोअरच्या बाजूने लागला, अपिलातही टिकला. साठवण सुरू व्हायला 2020 उजाडलं.

आता पैशांचं. सर्वात मोठा खर्च आहे तो नव्याने पाण्याखाली जाणाऱ्या काठाचा. जलाशयाभोवती राज्याचं उद्यान आहे आणि तिथे प्रचंड गर्दी असते. फुगवटा बारा फूट वर चढणार म्हटल्यावर पोहण्याचा किनारा, रस्ते, वाहनतळ, स्वच्छतागृहं, बोटींचा धक्का हे सगळं वर सरकवावं लागलं. काठावरची कॉटनवुडची झाडं तोडावी लागली. पाणथळ जागा, पक्ष्यांचा अधिवास आणि प्रेबल नावाच्या संरक्षित उंदराचं कुरण यांची भरपाई दुसरीकडे करून द्यावी लागली. त्यासाठी प्लम क्रीक या ओढ्याचं पात्र सुधारलं, वर डोंगरात शुगर क्रीक ओढ्यावरही काम केलं. शिवाय साठवणीच्या जागेची किंमत केंद्राच्या तिजोरीत भरायची ती वेगळी.

हा खर्च केंद्राने का करू नये, असं अनेकजण विचारतात. मला वाटतं, करू नये. पूर अडवण्याचा फायदा सगळ्या खोऱ्याला होतो, म्हणून त्याचा भार देशाने उचलला. नळाच्या पाण्याचा फायदा ठरावीक गावांना होतो. भागीदारांनी मिळून एक कंपनी काढली, जितकी एकर-फूट जागा तितका खर्चाचा वाटा असं ठरलं. राज्याच्या वॉटर कन्झर्व्हेशन बोर्डाने कर्जं दिली, आणि त्याहून मोलाचं म्हणजे मध्येच काही भागीदार गळाले तेव्हा त्यांचा वाटा स्वतः धरून ठेवला. पुढे तो कॅसल रॉकसारख्या गावांना टप्प्याटप्प्याने घेता आला. हे झालं नसतं तर उरलेल्यांच्या डोक्यावर बोजा वाढून सगळा प्रकल्पच कोलमडला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

एक गोष्ट मात्र लोकांना कोणी नीट सांगत नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं. जागा घेतली म्हणजे पाणी मिळालं असं नाही. कोलोरॅडोत ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी मिळतं. इथल्या भागीदारांचे बरेचसे हक्क नवे, त्यामुळे जलाशयाची ही नवी जागा भरते ती मुख्यतः ओल्या वर्षांत. नियोजनात सरासरी वार्षिक उत्पन्न धरलं होतं सुमारे 8,500 एकर-फूट. म्हणजे किंमत काढायची तर 20,600 ने नव्हे, या आकड्याने भागून काढा.

तरीही मी या प्रकल्पाच्या बाजूने आहे. डेन्व्हरच्या दक्षिणेची गावं खोल विहिरींवर वाढली, आणि त्या खडकातलं पाणी जवळपास परत भरत नाही, पातळी उतरतेय. नवं मोठं धरण बांधायचं तर याच नदीवर वरच्या अंगाला टू फोर्क्स धरणाचा प्रस्ताव होता, तो केंद्राच्या पर्यावरण खात्याने 1990 मध्ये फेटाळला. मग उभ्या भिंतीमागची जागा वापरणं हाच कमी नुकसानीचा मार्ग उरतो. त्यातही सुमारे 2,100 एकर-फूट जागा नदीत गरजेच्या वेळी पाणी सोडण्यासाठी राखली आहे.

तुमच्या गावाचं पाणीखात्याचं अंदाजपत्रक मागवा. त्यात तीन ओळी वेगळ्या शोधा: जागा घेण्याचं कर्ज, धरणाच्या देखभालीतला दरवर्षीचा वाटा, आणि अधिवासाच्या देखरेखीचा खर्च. पहिली ओळ फिटून संपते, उरलेल्या दोन चालूच राहतात.