जुनी लष्करी रायफल विकत घेण्यापूर्वी तिची किंमत रास्त आहे की नाही, हे कसे ओळखावे?

तुमचा पुतण्या टेक्सासमध्ये राहतो, त्याला कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली १९४२ सालची .३०३ (हे नळीचे माप, इंचांत) रायफल ४५० डॉलरला मिळते आहे, विकणाऱ्याने तिचे वर्णन 'नव्यासारखी चकाचक' असे केले आहे आणि तिची किंमत कशी पारखावी, असे तुम्ही विचारले आहे. मी सैन्यात २२ वर्षे आर्मररचे, म्हणजे शस्त्रे तपासून दुरुस्त करण्याचे, काम केले आणि निवृत्तीनंतर पुण्यातच स्थायिक झालो. 'चकाचक' हा शब्द वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण याच शब्दापायी आमच्या घरात गेली तीस वर्षे एक वाद चालू आहे.

१९९४ साली माझे थोरले साडू, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, जुन्नरकडच्या शेतीसाठी मिळालेल्या परवान्यावर रायफल घ्यायला निघाले आणि 'तुम्हाला यातले कळते' असे म्हणून मला कॅम्पातल्या एका दुकानात घेऊन गेले. आपल्याकडे .३०३ प्रतिबंधित वर्गात मोडते, त्यामुळे साध्या परवान्यावर सहसा .३१५ घेतात. लष्करी काडतूस नागरिकांच्या बंदुकीत चालू नये म्हणून इंग्रजांनी हे माप हिंदुस्थानात मुद्दाम निराळे ठेवले होते, मात्र रायफलीचा सांगाडा लष्करी .३०३च्याच, म्हणजे ली-एनफिल्ड, घराण्यातला. दुकानदाराने फडक्यातून जी काढली ती बर्मिंगहॅमची जुनी बी.एस.ए. होती. दस्ता फर्निचरसारखा पॉलिश केलेला, नळीवर काळाभोर ब्ल्यूइंग (पोलादाला गंजापासून जपणारा काळपट थर), आणि अण्णांचा हात त्या दस्त्यावरून असा फिरू लागला की सौदा तिथेच झाला हे मला कळून चुकले.

तरीही मी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढला, चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची खात्री केली, बोल्टच्या जागी अंगठा असा धरला की नखावर दारातला उजेड पडावा, आणि तोंडाकडून नळीत पाहिले. निम्म्या अंतरावर एक काळपट वलय दिसले. नळीत काहीतरी अडकलेले असताना गोळी झाडली गेली की त्या जागी नळी किंचित फुगते आणि आतून असे कडे दिसते. ते कोणत्याही पॉलिशने जात नाही. शिवाय नळीचे तोंड एका बाजूने झिजले होते. पुलथ्रूची, म्हणजे नळी पुसण्याची, दोरी वर्षानुवर्षे तिरकी ओढणाऱ्या माणसाने नळी साफ करता करताच तिचे वाटोळे केले होते. बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक आणि बॉडीवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावरचा) क्रमांक जुळत होते खरे, परंतु दांड्यावरचे आकडे ताज्या ठशाचे, कडा धारदार असलेले, आणि बॉडीवरचे मात्र घासून घासून पुसट झालेले, म्हणजे क्रमांक मागाहून जुळवलेला. मी अण्णांना नळी डोळ्यांपुढे धरून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पाहिले, चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "मला तर आरशासारखी दिसते." दुकानदार माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साहेब, असा माल आता येत नाही." अडतीस हजारांना ती रायफल घरी आली.

पुढे लक्ष्यावर गोळी आडवी लागून कागदाला कुलपाच्या भोकासारखे लांबट भोक पडू लागले. काडतुसे जुनी आहेत, असे अण्णांचे म्हणणे. आठ वर्षांनी त्यांनी तीच रायफल साठ हजारांना विकली आणि तेव्हापासून दर दिवाळीला फराळाच्या ताटावर मला ऐकावे लागते की किंमत म्हणजे गिऱ्हाईक देते ती, आर्मरर सांगतो ती नव्हे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. अण्णांचे म्हणणे पुण्याच्या बाजारापुरते खरे आहे. सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्राची आयात अनेक वर्षे जवळजवळ बंद असल्यामुळे इथे विलायती नावालाच पैसे पडतात, मग आत नळी असो वा नळकांडे. अमेरिकेत उलट आहे. इशापूरच्या रायफली तिथे लष्करी भंगाराच्या भावाने मोठ्या संख्येने गेल्या, त्यामुळे रायफल मिळणे ही तिथे बातमी नाही. जी कारखान्यातून निघाली तशीच राहिली आहे तिला पैसे मिळतात. म्हणून पॉलिश केलेला दस्ता, नव्याने चढवलेला ब्ल्यूइंग आणि शिकारीसाठी कापलेले पुढचे लाकूड या तिन्ही गोष्टी संग्राहकाच्या हिशेबात किंमत वाढवत नाहीत, उतरवतात. माझ्या मते ज्याने अशा रायफलीला सॅंडपेपर लावला, त्याने तिचे निम्मे आयुष्य खरवडून काढले. दस्त्याच्या टोकाशी बटप्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीची) कड लाकडाच्या वर आलेली दिसली, किंवा लाकडातले तपासणीचे ठसे पुसट झालेले दिसले, तर सॅंडपेपर लागला असे खुशाल समजावे. नव्या ब्ल्यूइंगखाली गंजाचे खड्डे आणि अक्षरांच्या गोलावलेल्या कडा दिसतात. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी घरच्या स्क्रूड्रायव्हरने ती उघडली आहे.

१९४२ सालच्या इशापूरच्या रायफलीवर मुकुट, जी.आर.आय. ही (राजा जॉर्जची) अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल असावे. स्वातंत्र्यानंतरच्या मालावर आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) येते. क्रमांक बॉडीवर, बोल्टच्या दांड्यावर, नळीवर, नोजकॅपवर (पुढच्या टोकाच्या धातूच्या टोपीवर) आणि मागच्या साइटच्या पानाखाली पाहावा. त्यातही बोल्टचा क्रमांक जुळणे हे केवळ संग्राहकाचे लाड नाहीत, कारण बोल्टचे खांदे त्या त्या बॉडीला बसवून घेतलेले असतात. पुढच्या लाकडात आडवा स्क्रू दिसला तर पुतण्याने घाबरू नये. लाकूड फुटू नये म्हणून आपल्याकडच्या कारखान्यांनीच तो घातलेला असतो, आणि त्याला 'दुरुस्ती' म्हणून भाव पाडणारा किंवा 'दुर्मीळ' म्हणून भाव चढवणारा, दोघेही अडाणी. पुढच्या भागावर तार गुंडाळलेली असेल तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी मजबूत केलेली रायफल आहे. तिने बरेच सोसलेले असू शकते. डी.पी. असा ठसा असेल तर ती कवायतीची रायफल, गोळी झाडण्यासाठी नव्हेच. शाळेत असताना एन.सी.सी.च्या कवायतीला मी स्वतः तसल्या रायफली खांद्यावर वाहिल्या आहेत आणि त्यांचे वजन सोडून दुसरा कोणताही गुण मला आठवत नाही.

नळीत गंजाचे खड्डे का पडतात, हेही पुतण्याला सांगा. जुन्या .३०३ काडतुसांच्या कॅपमधून क्षार मागे राहतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि तेलाने निघत नाही. म्हणून जुन्या शिस्तीत गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतत आणि मग तेलाची चिंधी ओढत. कोतमध्ये (पलटणीच्या शस्त्रागारात) नळी पाहिली की मागच्या माणसाने पाणी ओतले होते की कंटाळा केला होता, हे आम्हाला लगेच कळे. थोडी काळसर, पण आतल्या पिळदार खाचांच्या कडा ताठ असलेली नळी मी चकचकीत पण झिजलेल्या नळीपेक्षा केव्हाही वरची मानतो, आणि अण्णांना तीस वर्षांत पटले नाही ते एवढेच.

अमेरिकेत १९६८च्या कायद्यामुळे आयात केलेल्या बंदुकीवर आयातदाराचे नाव कोरावे लागते; नळीवर ते बारीक अक्षरांत असले तर संग्राहक थोडे कमी देतात, नेमबाजाला फरक पडू नये. विकणाऱ्याने 'तशीच, पण ७.६२ मिलिमीटरमध्ये बदललेली' असे काही दाखवले, तर तो चुकीचे सांगतो आहे असे धरावे: इशापूरच्या २ए आणि २ए१ या १९६२च्या युद्धानंतर ७.६२साठीच नव्या बनवल्या, .३०३ बदलून केल्या नाहीत, आणि त्यांचे मॅगझिन चौकोनी असल्याने लांबूनही ओळखू येते. 'अफगाणिस्तानातून आणलेली' म्हणून एखादी समोर आली, तर खैबरच्या लोहारांची नक्कल असू शकते; मुकुटाखाली व्ही.आर. (राणी व्हिक्टोरियाची अक्षरे) आणि पुढे १९०१ नंतरचे साल, किंवा उलटा कोरलेला एन, असे काही दिसले की ती खुंटीवरच ठेवावी. राणी व्हिक्टोरिया १९०१च्या जानेवारीतच गेली, हे त्या लोहारांना कोणी कळवले नसावे.

हे आधी लिहायला हवे होते: क्रमांक जुळले आणि नळी चांगली निघाली, तरी तिथल्या गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस टेकते ती जागा यांतले अंतर) गेजने तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. .३०३मध्ये काडतुसाच्या कडेवर मोजले जाणारे हे अंतर लष्करी मापाने .०६४ ते .०७४ इंचांत बसले पाहिजे. दुसरे असे की हौस म्हणून ती रायफल पुतण्याने इकडे आणण्याचा विचारही करू नये. तिथे कायदेशीर असलेली वस्तू इथे शस्त्र कायद्याखाली सरळ गुन्हा होईल. माझी सारी वर्षे ली-एनफिल्ड आणि एस.एल.आर. (सेल्फ-लोडिंग रायफल) यांच्यात गेली, त्यामुळे जर्मन माउझर किंवा रशियन रायफलीविषयी माझे बोलणे प्रमाण मानू नका.

राहिले ४५० डॉलर. 'नव्यासारखी' या वर्णनावरून तरी ती पुन्हा रंगवलेली वाटते, आणि तशी असेल तर त्या पैशांना घेऊ नये. पुतण्याला चार फोटो मागवायला सांगा: बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक, बॉडीवरचा क्रमांक, बटप्लेटची कड, आणि मागून उजेड पाडून तोंडाकडून घेतलेला नळीचा फोटो. विकणारा चौथा फोटो द्यायला टाळाटाळ करू लागला, तर पहिल्या तीन फोटोंकडे पाहण्यात वेळ घालवू नये.