औंस बघून ठोसा मोजू नका

भावा, तुझा प्रश्न असा की डेम्प्सी, जो लुई हे जुने हेवीवेट बॉक्सर ५-६ औंसाचे ग्लोव्हज घालून लढले, आजचे हेवीवेट १० औंसाचे घालतात. मग जुन्यांचा दणका निम्मा ग्लोव्हजचाच धरायचा का? आणि तू स्वतः कुठले घ्यायचे?

औंस म्हणजे ग्लोव्हचं वजन, आतल्या गादीची जाडी नव्हे. १० औंस म्हणजे साधारण २८० ग्रॅम. त्यातलं किती मुठीच्या हाडांवर आणि किती चामड्यात, मनगटात गेलंय हे त्या आकड्यावरून कळत नाही. घोड्याच्या केसांचा भराव असलेला ग्लोव्ह अंगठ्यानं दाबून बघ, लगेच आतलं हाड लागतं, आणि मॅच रंगत जाईल तसा तो आणखी बसतो. फोमचा दबून परत वर येतो. त्यामुळं दोन्हींवर १० लिहिलेलं असलं तरी मार सारखा नाही.

ठोसा येतो पायातून, कमरेतून. गादी वाढली की तोच धक्का जास्त जागेत आणि थोड्या जास्त वेळात बसतो. कातडं कमी फाटतं, हाड कमी मोडतं. पण डोकं गर्रकन फिरायचं ते फिरतंच, आणि नॉकआउट बहुतेकदा तिथंच होतो. वर ग्लोव्हज आधी मारणाऱ्याचा हात वाचवतात! उघड्या मुठीनं कपाळावर मारलं तर आपलीच मूठ मोडते, म्हणून जुने लोक डोक्यावर जपून मारायचे. मुठीला गुंडाळायच्या पट्ट्या आणि ग्लोव्हज आले आणि डोक्यावर बिनधास्त मारता यायला लागलं. १८८९ ची सलिव्हन-किलरेन लढत उघड्या मुठीनं ७५ राउंड चालली. (कोणी खाली पडला की राउंड संपायचा, त्यामुळं ७५ ऐकून दचकू नकोस.)

हलक्या ग्लोव्हजचा दणका दाखवायला १९१९ चं उदाहरण सगळे देतात. डेम्प्सीनं आपल्यापेक्षा कितीतरी धिप्पाड विलर्डला पहिल्याच राउंडला सात वेळा पाडलं. ती फिल्म नीट बघ. विलर्ड उठतोय आणि डेम्प्सी शेजारीच उभा, उठला की परत हाणतोय. लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबायची सक्ती तेव्हा नव्हती. १९२७ ला टनीविरुद्ध ती होती, डेम्प्सी कोपऱ्यात जायला रेंगाळला आणि टनीला उठायला जादा सेकंद मिळाले. माझ्या मते त्या सात वेळांत ग्लोव्हजपेक्षा नियमाचा वाटा मोठा. उलट बाजूनं आपल्या काळातला बॉक्सर वाइल्डर बघ. हेवीवेटमध्ये हलकाच म्हणायचा, हातात १० औंस, तरी २०१९ ला डॉमिनिक ब्रेझील या बॉक्सरला पहिल्याच राउंडला आडवा केला.

खासबागेतली मातीवरची कुस्ती आणि मॅटवरची कुस्ती आपण एकाच मापानं मोजत नाही. इथंही तसंच. ग्लोव्हजबरोबर राउंड, रेफ्री, समोरच्याचं वजन, सगळंच बदललंय.

आता तुझं. प्रोफेशनलमध्ये वेल्टर वजनगटापर्यंत (साधारण ६७ किलो) ८ आणि वर १० औंस, ऑलिंपिकच्या बॉक्सिंगमध्ये वजनगटाप्रमाणं १० किंवा १२, हे मॅचचे आकडे झाले. तू पंचिंग बॅगेसाठी १२ चे घे आणि स्पॅरिंगसाठी, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीसाठी, १६ चे वेगळे ठेव, कारण बॅगेवर गादी लवकर मरते. आपल्याकडं पावसाळ्यात ते आतून वाळतच नाहीत, पंख्याखाली तोंड उघडं करून ठेव. ८ चे घालून स्पॅरिंगला आलास तर आमच्या तालमीत तुझ्यासमोर कोण उभं राहणार नाही, आणि वस्ताद तुलाच आधी बाहेर काढतील.