स्विस अल्बिनो उंदरांत संधिवाताचं मॉडेल बसेल का? नसेल तर कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकला एम. फार्म. करता, निर्गुंडीच्या अर्काचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर परिणाम बघायचा आहे, कॉलेजच्या प्राणिगृहात स्विस अल्बिनो उंदीर आणि विस्टार रॅट आहेत. सीनियरने संधिवात आणण्यासाठी स्विस उंदरांना कोलाजेन (सांध्याच्या कूर्चेतलं प्रथिन) दिलं, पण निम्म्यांनाही सूज आली नाही. असं का झालं, कोणतं मॉडेल (म्हणजे प्राण्यात मुद्दाम आणलेला आजार) घ्यावं, आणि ल्युपसवर (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार) काम करणाऱ्या मैत्रिणीला तेच चालेल का?

सूज आली नाही याचं कारण बहुधा उंदरातच आहे. स्विस अल्बिनो ही आउटब्रेड जात, म्हणजे प्रत्येक उंदराची जनुकं वेगळी. कोलाजेन-प्रेरित संधिवात होतो की नाही हे बरंचसं उंदराच्या एमएचसी जनुकांवर (प्रतिकारशक्तीला परकं काय ते दाखवणारी जनुकं) ठरतं. एच-२क्यू प्रकार असलेल्या उंदरांत तो खात्रीने होतो, म्हणूनच जगभर डीबीए/१ ही जात वापरतात. स्विसमध्ये कोणाला होईल, कोणाला नाही, हे सांगता येत नाही, आणि अशा गटांत औषधाचा परिणाम शोधणं निरर्थक आहे. सी५७बीएल/६ सहज मिळतात म्हणून बरेच जण तिकडे वळतात. ते एच-२बी आहेत. त्यांच्यात कोंबडीचं कोलाजेन आणि जास्त मायकोबॅक्टेरियम (क्षयाच्या जातकुळीतले मेलेले जंतू) वापरून संधिवात आणता येतो, पण तो कमी उंदरांत येतो आणि सौम्य असतो. तुमच्याकडे नॉकआउट (एखादं जनुक बंद केलेले) उंदीर नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

विस्टार रॅटमधलं सीएफए (कम्प्लीट फ्रॉइंड्स ॲडज्युव्हंट, म्हणजे मेलेलं मायकोबॅक्टेरियम घातलेलं तेल) मॉडेल फार्मसी कॉलेजांत सगळ्यात जास्त चालतं, म्हणून त्याबद्दल आधी बोलतो. पंज्यात ०.१ मिली सीएफए टोचतात आणि प्लेथिस्मोमीटरवर (पंज्याचं आकारमान मोजणारं यंत्र) त्याच पंज्याची सूज मोजतात. ज्या पंज्यात सुई गेली त्याची सूज म्हणजे तेल आणि मेलेल्या जंतूंना दिलेली स्थानिक प्रतिक्रिया. खरा संधिवात दिसतो तो न टोचलेल्या पंज्यात, साधारण दहाव्या-बाराव्या दिवसानंतर. तो लुईस जातीच्या रॅटमध्ये भरवशाने येतो, विस्टारमध्ये येईलच असं नाही. तरी हे मॉडेल घ्यायचंच असेल तर दुसऱ्या बाजूचा पंजा मोजा आणि प्रबंधात तोच आकडा मुख्य ठेवा. कॅराजीनन (समुद्री शेवाळातला पदार्थ) टोचून आणलेली सूज काही तासांची असते. ती संधिवाताचं मॉडेल नाही, सुरुवातीची चाळणी एवढाच तिचा उपयोग.

आता निवड. माझं ठाम मत असं की आधी प्रश्न ठरवा, मॉडेल नंतर. अर्क आजार सुरूच होऊ देत नाही हे दाखवायचं आहे, की सुरू झालेला आजार कमी करतो हे? रुग्ण दवाखान्यात येतो तो सांधे सुजल्यावर. म्हणून दुसरा प्रश्नच खरा उपयोगाचा, आणि त्यासाठी डीबीए/१ नरांतलं कोलाजेन मॉडेल घ्या. १९७७ मध्ये ट्रेंथॅम आणि सहकाऱ्यांनी ते रॅटमध्ये दाखवलं, १९८० मध्ये कोर्टने आणि सहकाऱ्यांनी उंदरात. १९९२ मध्ये विल्यम्स, फेल्डमन आणि मैनी यांनी याच उंदरांत आजार सुरू झाल्यावर टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी दिली आणि सांधे सुधारले. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफविरोधी औषध रुग्णांपर्यंत पोहोचण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. पी३८ हे दाहातलं एन्झाइम रोखणारी औषधं प्राण्यांत छान चालली आणि माणसांच्या चाचण्यांत पडली. आयएल-१७ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणं उंदरांत जोरदार दिसलं, पण ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांत फायदा बेताचाच निघाला. तेच औषध सोरायसिसच्या संधिवातात मात्र खूप उपयोगी ठरलं. त्यामुळे निष्कर्षात ‘संधिवातावर गुणकारी’ असं लिहू नका, ‘या मॉडेलमध्ये, या टप्प्यावर’ असं लिहा.

कृती अशी. आठ ते दहा आठवड्यांचे नर. टाइप २ कोलाजेन, गाईचं किंवा कोंबडीचं, ०.०५ मोलर ॲसिटिक ॲसिडमध्ये मिलिला २ मिलिग्रॅम, ४ अंशांवर रात्रभर हलकेच ढवळत विरघळू द्या. गरम करून विरघळवायची घाई करू नका. कोलाजेनची तिपेडी रचना मोडली की ते संधिवात आणत नाही, आणि मोडलेलं कोलाजेन डोळ्यांना वेगळं दिसत नाही. मग सीएफए समप्रमाणात. इथे एक गोष्ट हमखास निसटते: बाजारातल्या साध्या सीएफएमध्ये मिलिला १ मिलिग्रॅम मायकोबॅक्टेरियम असतं आणि कोलाजेन मिसळल्यावर त्याचंही अर्धं होतं. संधिवातासाठी मिलिला ४ मिलिग्रॅमवालं मागवा.

सगळा खेळ इमल्शनवर, म्हणजे तेल आणि कोलाजेनच्या द्रावणाच्या घट्ट मिश्रणावर आहे. काचेच्या दोन लुअर-लॉक सिरिंज तीनतोंडी स्टॉपकॉकने जोडा, बर्फावर ठेवून इकडून तिकडे ढकलत राहा. सुरुवातीला ते सहज सरकतं, मग दट्ट्या जड होत जातो आणि पांढरं, घट्ट लोणी तयार होतं. बर्फाच्या पाण्यात एक थेंब टाका. तो गोळा होऊन तसाच राहिला तर झालं, पसरला तर अजून ढकला. प्लॅस्टिकच्या सिरिंजचं रबर तेलाने फुगतं, त्या इथे नकोत. सिरिंजमध्ये आणि स्टॉपकॉकमध्ये बरंच इमल्शन अडकून वाया जातं, म्हणून हिशेबाच्या जवळपास दुप्पट करा.

प्रत्येक उंदराला ०.१ मिली, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम कोलाजेन, शेपटीच्या बुडाशी त्वचेच्या आत. सुई बुडापासून दीडेक सेंटीमीटरवर घाला आणि टोक बुडाच्या अर्धा सेंटीमीटर जवळ न्या. ढकलताना चांगला जोर लागला पाहिजे. सहज गेलं तर सुई त्वचेखाली उतरलीय. भूल द्या, दिल्यावर सुई काही सेकंद आत ठेवा, नाहीतर अर्धं इमल्शन बाहेर येतं आणि त्या उंदराला महिनाभर काहीच होत नाही. २१व्या दिवशी बूस्टर, तेवढंच कोलाजेन, पण आयएफएमध्ये (मायकोबॅक्टेरियम नसलेलं तेच तेल) आणि शेजारच्या वेगळ्या जागी. सीएफए दुसऱ्यांदा देऊ नका. चष्मा आणि हातमोजे घालाच. आपल्याकडे बहुतेकांना बीसीजी (तीही मायकोबॅक्टेरियमचीच लस) दिलेली असते, आणि सीएफएची सुई बोटात गेली तर तिथे दुखरी गाठ होऊन खूप दिवस छळते.

बूस्टरनंतर आठवडाभरात पंजे सुजू लागतात, म्हणजे पहिल्या टोचणीपासून बहुतेक २१ ते ३५ दिवसांत. नीट केलं तर ८० टक्के किंवा जास्त उंदरांत संधिवात होतो. प्रत्येक पंज्याला ० ते ४ गुण: एखाद्या बोटाची सूज-लाली १, पूर्ण पंजा आणि घोटा ताठ झाला तर ४. चार पंज्यांचे मिळून १६. जाडी डायल कॅलिपरने, आठवड्यातून तीनदा, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. हे शेवटचं कितीही कटकटीचं वाटलं तरी सोडू नका, कारण १ आणि २ मधला फरक नजरेवर आहे आणि नजर आपल्याला हवं तिकडे झुकते.

अर्क कधी सुरू करायचा? ज्या दिवशी एखाद्या उंदराचा पहिला पंजा सुजेल तो त्या उंदराचा पहिला दिवस. त्याच वेळी चिठ्ठी काढून गट ठरवा आणि १० ते १४ दिवस अर्क द्या. चार गटांत १० असे ४० संधिवातवाले उंदीर हवेत तर निदान ५० उंदरांना टोचावं लागेल. पहिल्या दिवसापासून अर्क दिलात तर इम्युनायझेशनच (कोलाजेनविरुद्ध प्रतिकारशक्ती जागी होणं) अडवल्याचा परिणाम औषधाच्या नावावर जमा होईल. म्हणून शेवटी रक्तातल्या कोलाजेनविरोधी आयजीजी२ए अँटिबॉडीही मोजा. अँटिबॉडी तेवढीच आणि सूज कमी, तर अर्क दाहाच्या टप्प्यावर काम करतोय. दोन्ही कमी, तर कदाचित लसीसारखा प्रतिसादच दबला. वजन रोज बघा. उंदीर कमी खाऊ लागला तरी संधिवात कमी होतो, आणि कडू अर्कांच्या बाबतीत हे नेहमी विसरलं जातं. गव्हाजचा (नळीने थेट पोटात औषध देण्याचा) ताणही सूज दाबतो, म्हणून कंट्रोल गटालाही तेवढ्याच वेळा, त्याच द्रावकाने गव्हाज हवा. तुलनेला डेक्सामिथासोन किंवा मेथोट्रेक्सेट ठेवा.

नाशिकमध्ये विशेष सांभाळायचं ते हवामान. खोली २२ ते २४ अंशांवर हवी. एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या आसपास गेला आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. जनरेटर नसेल तर प्रयोगाचे सहा आठवडे मार्च ते जून या काळात येऊ देऊ नका. उंदीर नोंदणीकृत ब्रीडरकडूनच घ्या. पुण्याहून आणायचे असतील तर संगमनेर-सिन्नर रस्त्याने पहाटे निघा, आणि आल्यावर निदान आठवडाभर त्यांना हात लावू नका. डीबीए/१ नर फार भांडतात. वेगवेगळ्या पिंजऱ्यांतले मोठे नर एकत्र टाकले तर चावे, ताण, आणि वय वाढलं की न टोचताही घोट्यांत सूज-ताठरपणा येतो. आल्यापासून तेच चार-पाच एकत्र ठेवा. एका पिंजऱ्यात एकच गट असंही करू नका, नाहीतर पिंजऱ्याचा परिणाम औषधाचा म्हणून मोजाल.

हा आजार उंदराला दुखतो. संस्थेच्या नैतिक समितीला फॉर्म बी देताना कधी थांबणार हे लिहूनच द्या: वजन २० टक्के घटलं, किंवा उंदीर चालून खाण्यापर्यंत पोहोचेना, की तिथेच वेदनारहित शेवट. सुजलेल्या पायांवर उभं राहून वरच्या जाळीतून खाणं त्यांना जमत नाही. मऊ ओलं खाद्य तळाशी ठेवा, बाटलीची नळी लांब घ्या, बेडिंग जाड आणि मऊ. वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅकसारखं काही दिलं तर सूजच उतरते आणि प्रयोग बिघडतो. ब्युप्रिनॉर्फिन चालतं, पण त्याच्या परवानगीची कागदपत्रं आधीच करावी लागतात.

शेवटी सांध्याचे काप. १० ते १४ टक्के ईडीटीएमध्ये दोन-तीन आठवडे कॅल्शियम काढा. नायट्रिक ॲसिडने दोन दिवसांत होतं, पण सॅफ्रॅनिन-ओचा (कूर्चा दाखवणारा लाल रंग) रंग बिघडतो आणि कूर्चा गेली की नुसता डाग उडाला हे कळत नाही.

वेळ अगदीच कमी असेल तर कोलाजेनविरोधी अँटिबॉडी टोचून केलेलं मॉडेल आहे. बाल्ब/सी उंदराला अँटिबॉडीचं मिश्रण, तिसऱ्या दिवशी एलपीएस (दाह भडकवणारा जिवाणूंचा अंश), आठवड्याभरात सूज शिखरावर. दोन आठवड्यांत काम होतं. पण यात प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशींची भूमिका जवळजवळ नाही, आणि अँटिबॉडी महाग पडते. अर्क फक्त दाहावर काम करतो असा दावा असेल तरच ते घ्या. के/बीएक्सएन (आपोआप संधिवात होणारे उंदीर) यांचं सीरम देऊन केलेलं मॉडेलही याच प्रकारचं, पण त्यासाठी त्या उंदरांची वसाहत हाताशी लागते.

मैत्रिणीला मात्र यातलं काही चालणार नाही. ल्युपससाठी एनझेडबी/डब्ल्यू एफ१ या संकरित उंदरांच्या माद्या माणसाच्या आजाराला सगळ्यात जवळच्या, पण मूत्रपिंड बिघडायलाच पाच-सहा महिने लागतात, एम. फार्म.च्या वेळेत बसत नाही. एमआरएल/एलपीआर जातीचे उंदीर लवकर आजारी पडतात, पण त्यांचा दोष फॅस जनुकात (नको त्या पेशींना मरायला लावणारं जनुक) आहे आणि लसीकाग्रंथी प्रचंड वाढतात, बहुतेक ल्युपसच्या रुग्णांत तसं नसतं. प्रिस्टेन या तेलाचा ०.५ मिलीचा एकच डोस पोटात देऊन बाल्ब/सीमध्ये अँटिबॉडी येतात, त्यालाही महिने जातात. तिच्यासाठी मी इमिक्विमोड सुचवेन. ५ टक्के क्रीम कानावर आठवड्यातून तीनदा, आठेक आठवडे, की टीएलआर-७ (प्रतिकारशक्ती जागी करणारा एक ग्राही) मार्गे अँटिबॉडी आणि मूत्रपिंडाचा दाह दिसू लागतो. तेच क्रीम पाठीचे केस काढून पाच-सात दिवस रोज लावलं तर सोरायसिससारखी त्वचा होते, म्हणून जागा आणि वारंवारता यात तिने काटेकोर राहावं, आणि लघवीतलं प्रोटीन पहिल्या दिवसाआधी एकदा मोजून ठेवावं. नर उंदरांच्या लघवीत मुळातच बरंच प्रोटीन असतं, तेव्हा माद्याच घ्याव्यात.